हँडब्रेक का धरत नाही

चढावर उभी केलेली मोटार हँडब्रेक ओढूनही सरकू लागली, तर दोष बहुधा केबलमध्ये, ब्रेकशूमध्ये किंवा लायनरमध्ये सापडतो. नेमके हेच भाग दगा का देतात, हे हँडब्रेकच्या इतिहासावरून कळते. मुख्य ब्रेक पिढीगणिक बदलत गेला आणि प्रत्येक बदलात हाताचा ब्रेक जुन्या यंत्रणेसह मागे उरला.

घोडागाडीचा ब्रेक म्हणजे तरफेने चाकाच्या धावेवर दाबला जाणारा लाकडी ठोकळा. पहिल्या मोटारींनी तोच उचलला. ऑगस्ट 1888 मध्ये बर्था बेंझ मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने गेल्या. वाटेतल्या उतारांवर ठोकळे झिजले, तेव्हा त्यांनी एका चांभाराकडून त्यांवर चामडे बसवून घेतले. ब्रेक लायनरची सुरुवात इथूनच सांगतात. इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी 1897 पासून हा प्रश्न पद्धतशीरपणे हाताळला. त्यांची फेरोडो कंपनी पुढे अॅस्बेस्टॉसचे लायनर बनवू लागली आणि ते अनेक दशके जगभर चालले. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असल्याचे सिद्ध झाल्यावर बऱ्याच देशांनी ते बंद केले.

आज दुय्यम वाटणारा हाताचा ब्रेक तेव्हा मुख्य होता. 1901 च्या मर्सिडीज 35 एचपीमध्ये हाताची तरफ मागच्या चाकांचे ड्रम आवळी. पायाचा ब्रेक चाकांऐवजी साखळी फिरवणाऱ्या मधल्या दांड्यावर लागे. त्या काळच्या अनेक गाड्यांत ड्रमभोवती बाहेरून पट्टा आवळत असे. पुढे जाताना ड्रमच्या फिरण्याने तो आणखी घट्ट व्हायचा, उलट फिरताना मात्र सैल पडायचा. म्हणून उतारावर थांबणारी गाडी चढावर मागे घसरे. त्यावर तोडगा म्हणून काही गाड्यांखाली टोकदार लोखंडी दांडा टांगलेला असे. चढाला लागताना तो खाली सोडायचा. गाडी मागे येऊ लागली की तो रस्त्यात रुते. 1902 मध्ये लुई रेनो यांनी ड्रमच्या आतून फाकणारे शू आणले आणि पट्ट्याचे दिवस हळूहळू संपले.

फोर्डच्या मॉडेल टीत (1908) पायाचा ब्रेक गिअरपेटीतल्या पट्ट्यावर आणि हाताचा मागच्या चाकांवर होता. हीच हाताची तरफ क्लचही सोडवून धरी. थंडीत घट्ट झालेल्या तेलामुळे क्लचच्या चकत्या चिकटून राहत. अशा वेळी हँडब्रेक कच्चा असला तर हँडल मारणाऱ्याच्या अंगावर गाडी येई. त्यामुळे जाणकार लोक आधी एक मागचे चाक जॅकवर उचलून घेत.

1921 च्या ड्यूसेनबर्गमध्ये चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले. मात्र द्रवाचा दाब तासन्‌तास टिकेलच असे नाही. त्यामुळे उभ्या गाडीला धरून ठेवणारा ब्रेक निव्वळ यांत्रिक राहिला आणि पुढे नियमांनीही तेच बंधनकारक केले. संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसार भरलेली मोटार 20 टक्के चढउतारावर थांबली पाहिजे आणि त्यासाठी तरफेवर 400 न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण 40 किलो वजनाइतक्या जोरापेक्षा, जास्त ओढ लागता कामा नये.

मागे ड्रम असलेल्या गाड्यांतले बहुतेक दोष या यांत्रिक व्यवस्थेतून येतात. 1983 पासून भारतात घरोघरी पोचलेली मारुती 800 याच घडणीची. तरफ नेहमीपेक्षा जास्त दाते चढत असेल तर शू झिजले आहेत किंवा केबल ताणली आहे. तरफ पटकन कडक होऊनही गाडी सरकत असेल, तर केबल वेष्टनात गंजून अडकली असावी. कोकणातल्या पावसाळ्यात हे नेहमीचेच; तिथे आठवडाभर ओढून ठेवलेल्या ब्रेकचे शू ड्रमला चिकटूनही बसतात. एकच चाक धरत नसेल तर ड्रम उघडावा. व्हील सिलिंडर किंवा हबचे सील गळून लायनर तेलकट झाले असेल, तर केबल कितीही आवळली तरी उपयोग नाही. गॅरेजमध्ये सर्रास होणारी चूक म्हणजे आधी तरफेजवळचा नट आवळणे. त्यामुळे शू पूर्ण मागे येत नाहीत आणि आपोआप जुळणी करणारी पट्टी काम करत नाही. आधी शू जुळवावेत, मग केबल.

मागच्या चाकांना डिस्क आल्या आणि अडचण वाढली. ड्रममधला शू फिरणाऱ्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच घट्ट बसतो. सपाट डिस्कला असा फायदा मिळत नाही. त्यामुळे अनेक गाड्यांत डिस्कच्या पोटात छोटा ड्रम फक्त पार्किंगसाठी दिला. तो गाडी चालताना वापरला जात नाही, म्हणून त्याचे लायनर घासून जमत नाहीत, गुळगुळीत किंवा गंजलेले राहतात. जिथे कॅलिपरच तरफेने आवळला जातो, तिथे धोका वेगळा: घाट उतरून तापलेली डिस्क थंड होताना आकसते, पकड ढिली होते आणि काही वेळाने गाडी सुटू शकते. अशा वेळी गिअर घालून ठेवणे आणि चाकामागे दगड लावणे ही जुनी खबरदारी आजही योग्यच आहे.

2001 च्या बीएमडब्ल्यू 7 मालिकेपासून विजेवर चालणारा पार्किंग ब्रेक रुळला. अशा अनेक यंत्रणा थोड्या वेळाने पुन्हा पकड घट्ट करतात. बॅटरी उतरणे, छोट्या मोटरचे दाते तुटणे, वायरिंगमध्ये पाणी शिरणे हे त्यांचे दोष. मागचे पॅड बदलताना मोटर आधी देखभालीच्या स्थितीत न्यावी लागते. तसे न करता पिस्टन जोराने मागे रेटला, तर यंत्रणा आतून मोडते.