गव्हातील दाणे झडण्याचा प्रतिकार

पक्व ओंबी शेतात न फुटता दाणे मळणीपर्यंत टिकवून ठेवण्याचा गव्हाचा आनुवंशिक गुणधर्म. रानटी गव्हाचा ओंबीचा अक्ष ठिसूळ असतो. पिकताच त्याचे तुकडे होऊन बी जमिनीवर विखुरते. चतुर्गुणित (गुणसूत्रांचे चार संच असलेल्या) गव्हात ३ए व ३बी या गुणसूत्रांवरील बीटीआर१ जनुके निकामी झाल्याने अक्ष चिवट बनला. दोहोंपैकी एकच जनुक निकामी असेल तर ओंबीचा काही भाग तरीही गळतो. म्हणून दोन्ही बदल आवश्यक ठरले.

महाराष्ट्रातील खपली गहू हा रानटी गव्हापासून सहज मळल्या जाणाऱ्या गव्हापर्यंतच्या प्रवासातील मधला टप्पा आहे आणि म्हणूनच अभ्यासाच्या दृष्टीने फार मोलाचा. त्याची ओंबी शेतात गळत नाही, पण मळणीनंतरही दाणा तुसातच राहतो व तो कांडून सोडवावा लागतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस २९७१ हा बुटका वाण याच गटातील. सरबती (षड्गुणित) व बन्सी (चतुर्गुणित) गव्हात ५ए गुणसूत्रावरील क्यू जनुकाच्या बदलाने तूस सुटे झाले. सरबतीत २डी गुणसूत्रावरील चिवट तुसाच्या जनुकाचे अप्रभावी रूपही लागते.

तूस सैल झाल्याने मात्र नवा धोका आला : अतिपक्व दाणा तुसातून निसटतो. तुसाची पकड अनेक जनुकांवर अवलंबून असल्याने निवड अवघड जाते. उजनी धरणाच्या पाण्यावर गहू घेणाऱ्या माढा तालुक्यात मार्चच्या उन्हात कापणी लांबली, तर तुसाची ही पकड थेट उत्पन्नावर परिणाम करते.