रबाब ते सारंगी : एका वाद्याचा प्रवास

आपल्या लोणंदहून रेल्वेने मिरजेला जाणारे लोक पुष्कळ आहेत. कोणी दवाखान्यासाठी जातो, कोणी ख्वाजा मिरासाहेबांच्या दर्ग्यात हजेरी लावण्यासाठी. या दर्ग्याच्या आवारात एक कबर आहे. ती किराणा घराण्याचे थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची. १९३७ साली मद्रासकडील दौऱ्यात एका रेल्वे स्टेशनवर त्यांचे निधन झाले आणि त्यांना मिरजेत आणून दफन करण्यात आले. त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या उरुसात नामवंत गायक-वादक आजही हजेरी लावतात.

खाँसाहेबांना गायक म्हणून सारे जग ओळखते. परंतु त्यांचे खानदान गायकांइतकेच सारंगियांचे होते, आणि स्वतः खाँसाहेबांचा हातही तरुणपणी सारंगीवर चांगला बसला होता, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते. मग त्यांनी सारंगी बाजूला का ठेवली? या एका प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर सारंगीच्या कुळाचा हजार वर्षांचा इतिहास थोडक्यात पाहावा लागतो. विद्यार्थी मित्रांनी तो अवश्य वाचावा, कारण त्यात भूगोलही आहे, इतिहासही आहे आणि आपल्या उपयोगाचा एक धडाही आहे.

तंतुवाद्ये दोन प्रकारांनी वाजतात. सतार किंवा तंबोरा यांची तार बोटाने अथवा नखीने छेडावी लागते. छेडलेला स्वर उमटतो आणि लगेच विरू लागतो. दुसऱ्या प्रकारात तारेवर गज फिरवतात. गज म्हणजे एक काठी आणि तिला ताणून बांधलेले घोड्याच्या शेपटीचे केस. केसांना राळ घासली की ते तारेला पकडतात, सोडतात, पुन्हा पकडतात, आणि गज फिरत असेपर्यंत स्वर अखंड राहतो. मनुष्याचा गळा जसा एक स्वर लांबवतो, तसे हे वाद्य लांबवते. म्हणूनच गजाची वाद्ये गाण्याच्या सर्वांत जवळची मानली जातात.

ही युक्ती प्रथम कोणास सुचली याविषयी विद्वानांत वाद आहे. पुष्कळ संशोधकांचा कौल मध्य आशियाकडे आहे. जेथे घोडा हेच माणसाचे धन होते, तेथे घोड्याच्या केसांचा असा उपयोग सुचावा हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. मंगोल लोकांच्या अशाच एका वाद्याच्या टोकावर आजही घोड्याचे मुंडके कोरलेले असते.

इसवी सन ९५० मध्ये निधन पावलेला महान तत्त्वज्ञ अल्-फाराबी याने संगीतावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात रबाब नावाच्या वाद्याचे वर्णन आहे. येथे एक खुलासा केला पाहिजे. रबाब हे नाव अनेक वाद्यांना आहे. अफगाणिस्तानचा रबाब छेडून वाजवतात, तर अरबांचा रबाब गजाने. या गजाच्या रबाबाने जो प्रवास केला तो थक्क करणारा आहे. व्यापाऱ्यांबरोबर पूर्वेकडे जाऊन तो जावा बेटावर पोचला. तेथील गॅमेलान या वाद्यवृंदात रेबाब नावाने तो आजही वाजतो, आणि भोवती काशाच्या वाद्यांचा एवढा ताफा असताना सुरावटीची वाट दाखवण्याचे काम या दोन तारांच्या नाजूक वाद्याकडे असते. इराण-अझरबैजानकडे याच कुळातील कमांचा आहे. तो घडवण्याच्या व वाजवण्याच्या कलेची युनेस्कोने २०१७ साली अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली.

पश्चिमेकडे रबाब मुसलमानी राजवटीतील स्पेनमध्ये गेला. तेराव्या शतकात कॅस्टिलचा ख्रिस्ती राजा दहावा अल्फान्सो याच्या दरबारात भक्तिगीतांची सचित्र हस्तलिखिते तयार झाली. त्यांतील चित्रांत रबाब वाजवणारे वादक दिसतात. गीते मेरीमातेची, वाद्य अरबांचे, आणि राजाला त्यात काही वावगे वाटले नाही! याच रबाबापासून युरोपात रिबेक नावाचे वाद्य निघाले. रिबेक आणि त्याच्या भाऊबंदांतून सोळाव्या शतकात उत्तर इटलीत व्हायोलिन आकाराला आले. क्रेमोना गावचा आंद्रेआ आमाती आणि पुढे १७३७ साली वारलेला स्त्रादिवारी हे त्याचे नामांकित कारागीर होत.

आता आपल्या मुलखाकडे वळू. आपल्याकडे गज परका होता असे मुळीच नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या, यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात गजाने वाजणाऱ्या पिनाकी वीणेचे वर्णन आहे. राजस्थानचे भोपे रावणहत्था वाजवून पाबूजीची गाथा सांगतात. तिकडचे मांगणियार आणि लंगा हे मुसलमान कलावंत अनुक्रमे कमायचा आणि सिंधी सारंगी वाजवतात, व आपल्या यजमानांच्या घरच्या लग्न-बारशाला पिढ्यान् पिढ्या गातात. अकबर बादशहाच्या दरबारात हेरातहून आलेला घिचकवादक होता, आणि सारंगी ही घिचकाप्रमाणे वाजवतात असे अबुल फजलने ‘आईने अकबरी’त लिहून ठेवले आहे. बाहेरून आलेले आणि येथे असलेले असे एकमेकांशेजारी नांदले. कोणता धागा कोणाचा, हे आज निवडून काढता येणार नाही.

सारंगीची घडण पाहण्यासारखी असते. तुणीच्या लाकडाचा एकसंध ठोकळा आतून कोरून पोकळ करतात व खालच्या भागावर बकऱ्याचे कातडे ताणून बसवतात. मुख्य तारा तीन, त्याही तातीच्या, म्हणजे आतड्यापासून केलेल्या. त्यांच्याखाली पस्तीसच्या आसपास धातूच्या तरफा असतात. त्यांना कोणी हात लावत नाही. वरचा स्वर अचूक लागला की त्या आपोआप झंकारतात आणि चुकला की मुक्या राहतात. डाव्या हाताची बोटे तारेवर दाबायची नसतात. नखांच्या मुळाशी असलेल्या कातडीने तारेला बाजूने रेटायचे असते. सारंगियाच्या बोटांवर त्यामुळे कायमचे घट्टे पडतात. हे वाद्य साधायला वर्षानुवर्षांची तालीम लागते.

इतकी मेहनत करणाऱ्याला समाजाने काय दिले? सारंगिया गायकाच्या मागे बसायचा. उत्तर हिंदुस्थानात सारंगी कलावंतिणींच्या माडीवर वाजायची, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सभ्य म्हणवणाऱ्या समाजाने माडीबरोबर वाद्यालाही नाक मुरडले. ज्याच्याकडून गायिका तालीम घेत, ज्याला शेकडो बंदिशी मुखोद्गत असत, त्याला उस्ताद म्हणण्याऐवजी नुसता ‘सारंगिया’ म्हणून हिणवत. अशा काळात १८७२ साली जन्मलेल्या अब्दुल करीम खाँ यांनी गळ्याची वाट धरली. सारंगी हातातून सुटली, पण त्यांच्या गाण्यातून गेली नाही. किराणा घराण्याची स्वर लांबवण्याची व मींडेने स्वरास स्वर जोडण्याची रीत ऐकली की जाणकारांना गज आठवतो. खाँसाहेबांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले, शिष्य तयार केले. पण घराघरांतील सारंगी मात्र एकामागून एक खुंटीला लागली.

मराठी रंगभूमीने तिला काही काळ आसरा दिला. बालगंधर्वांच्या साथीला कादरबक्ष यांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला असे, हे जुने रसिक अभिमानाने सांगत. पुढे हार्मोनियम आली. ती शिकायला सोपी, सुरात लावण्याची कटकट नाही. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी केली होती, त्यामुळे नभोवाणी केंद्रांवर सारंगियांना नोकऱ्या मिळाल्या. एरवी मैफलीतली त्यांची जागा पेटीने घेतली.

याच्या उलट व्हायोलिनचे पाहा. सोळाव्या शतकात तेही नाचगाण्याचे, हलके वाद्य समजले जाई. पण युरोपने त्यासाठी पुस्तके लिहिली. १७५६ साली लिओपोल्ड मोझार्टने ते शिकवण्याचा ग्रंथ प्रसिद्ध केला, १७९५ साली पॅरिसमध्ये सरकारी संगीतशाळा निघाली, आणि कोणाच्याही मुलाला ते शिकता येऊ लागले. मग साहेबाबरोबर ते हिंदुस्थानात आले. बाळुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५८) यांनी ते कर्नाटक संगीतात आणले, आणि तंजावरच्या मराठी भोसले राजांच्या दरबारातील वडिवेलूसारख्या कलावंतांनी ते रुजवले. आपल्या सातारा जिल्ह्यातही त्याचा मोठा उपासक झाला. औंध संस्थानाचे गायक अंतुबुवा जोशी यांचे चिरंजीव गजाननराव जोशी (१९११–१९८७) हे गायक तर होतेच, पण हिंदुस्थानी पद्धतीच्या व्हायोलिनवादनाचे एक आद्य प्रवर्तकही होते. विलायत हुसेन खाँ, भुर्जी खाँ अशा उस्तादांकडे त्यांनी तालीम घेतली होती. अरबांचा रबाब स्पेन, इटली करीत रूप पालटून औंधच्या डोंगराखाली आला, आणि एका ब्राह्मण कलावंताच्या हातात खाँसाहेबांची विद्या बोलू लागला!

एकाच कुळातील दोन भावंडे. एकाला शाळा मिळाली, दुसऱ्याला हिणवणे मिळाले. सारंगी अवघड म्हणून मागे पडली असे म्हणतात. व्हायोलिन तरी कोठे सोपे आहे? खरे कारण असे की, सारंगीची विद्या बापाकडून मुलाकडे तोंडी जात होती, ती कागदावर उतरली नाही, आणि ज्या दिवशी मुलाला बापाच्या धंद्याची लाज वाटली त्या दिवशी ती संपली. लाज त्याने आपणहून पत्करली नव्हती, ती समाजाने त्याच्यावर लादली होती, हेही तितकेच खरे.

तरीही काही जणांनी वाद्य सोडले नाही. उदयपूरजवळ १९२७ साली जन्मलेले पंडित रामनारायण १९४९ मध्ये मुंबईत आले. त्यांनी साथीची जागा सोडून एकट्या सारंगीची मैफल उभी केली, परदेश गाजवला आणि २००५ साली पद्मविभूषण मिळवले. २०२४ मध्ये ते निवर्तले. उस्ताद सुलतान खाँ (१९४०–२०११) यांना २०१० साली पद्मभूषण मिळाले. मिरजेकडे पाहिले तरी हेच दिसते. एकोणिसाव्या शतकात तेथील शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनी हत्यारांना धार लावणाऱ्या हातांनी तंतुवाद्ये घडवण्यास प्रारंभ केला. पटवर्धन संस्थानिकांनी आश्रय दिला. त्या मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तलवारींचे दिवस संपले तेव्हा या कारागिरांनी हुन्नर टाकला नाही, त्याला नवे काम दिले.

पालकांना एवढेच सांगावेसे वाटते. मुलामुलींना शाळेत अवश्य घाला, खूप शिकवा, कारण शिक्षणावाचून तरणोपाय नाही. पण शिक्षण म्हणजे घरच्या हुन्नराची लाज बाळगणे नव्हे. आणि विद्यार्थी मित्रांनो, या सुटीत एक काम करा. आजोबा, आजी, मामू, चाचा यांच्यापैकी ज्यांच्या हातात एखादी कला असेल, मग ती लोहारकाम असो, विणकाम असो वा वाद्याची दुरुस्ती असो, त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. हत्यारांची नावे, कामाची रीत, कोणाकडून शिकले ते, सारे लिहून घ्या. सारंगियांच्या घरी लिहून घेणारे मूल फार थोड्या वेळा होते. आपल्या घरी ते आहे.