दौलतखानाची रसद कुणी अडवली?

शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान नावाचा मुसलमान सरदार होता, हे वाक्य आपण शिवजयंतीच्या भाषणांत दरवर्षी ऐकतो. वाक्य खरे आहे, पण तिथेच थांबून चालत नाही. हाताखालच्या माणसाने जीव तोडून काम करावे म्हणून वरच्याने काय केले, हे पाहायला हवे. त्यासाठी जानेवारी १६७५ मधले महाराजांचे एक पत्र वाचावे.

मुरूडजवळ समुद्रात जंजिरा हा सिद्दीचा किल्ला. त्याला शह द्यायला महाराजांनी समोरच्या कासा बेटावर पद्मदुर्ग उभारायला घेतला. समुद्रावर दौलतखान आणि दर्यासारंग आरमार घेऊन उभे होते. त्यांना पैसा आणि धान्य पुरवायची जबाबदारी प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांच्यावर होती. हुकूम गेला होता, पण रसद पोचली नाही.

अशा वेळी जाब कुणाला विचारला जातो, हे आपण सगळे जाणतो. ज्याचे काम अडले, त्यालाच. इथे उलटे घडले. महाराजांनी सुभेदाराला खरमरीत पत्र लिहिले. हबशाने काही देऊन तुम्हाला आपला चाकर करून घेतले की काय, असा टोमणा मारला. ब्राह्मण म्हणून कुणी गय करील या भ्रमात राहू नका, अशी ताकीद दिली. पत्रात 'मुलाहिजा' हा शब्द आहे. उर्दू शिकवणाऱ्या मला तो ओळखीचा वाटतो. भीड, गय, तोंड पाहून केलेली सूट, असा त्याचा अर्थ.

आता बाजू कशा होत्या ते पाहा. समोरचा शत्रू सिद्दी, म्हणजे मुसलमान. लढणारा दौलतखान, तोही मुसलमान. रसद अडवणारा ब्राह्मण अधिकारी. या पत्रात महाराजांनी कुणाचा धर्म किंवा जात मोजली नाही, काम मोजले. लाटांवर उभ्या माणसाला यापेक्षा मोठी हिंमत कोणती हवी? आपण उपाशी राहिलो तर राजा कचेरीतल्या माणसाला जाब विचारील, हा भरवसा शंभर भाषणांपेक्षा मोठा असतो.

म्हणजे महाराज फक्त दटावत असत का? राज्याभिषेकाच्या सुमाराचे त्यांचे दुसरे एक पत्र आहे, चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेले. पावसाळा तोंडावर होता. दाणावैरण बेताने वापरा, रयतेला त्रास देऊ नका, रात्री दिवे जळते ठेवू नका, असे त्यात सांगितले आहे. पण नुसते सांगितलेले नाही, कारणही दिले आहे. वैरण आता उधळली तर पावसाळ्यात घोडी मरतील. जळती वात उंदराने ओढून नेली तर आग लागेल. रयतेला लुटले तर तिला मोगल बरे वाटतील. साध्या हवालदारालाही 'का' हे कळले पाहिजे, असे या राजाला वाटत होते.

तिसरे पत्र सप्टेंबर १६७६ चे, पुन्हा प्रभावळीच्याच सुभ्याला. आता सुभेदार रामाजी अनंत. हे मुलकी काम आहे. गावोगाव फिरा, कुळांना गोळा करा, ज्याच्याकडे बैल नाही त्याला बैलासाठी पैसा द्या, खायला धान्य द्या, वाढीदिढी न लावता मुद्दल तेवढे हळूहळू वसूल करा. आणि या कामासाठी दोन लाख लारीपर्यंत खर्च करण्याची मोकळीक. जबाबदारी दिली तशी थैलीही दिली. इमानाने वागण्याची ताकीद मात्र सोबत होतीच.

लष्कर असो की कचेरी, तिन्ही पत्रांत वरच्याचे काम एकच दिसते: साधन पोचवणे, कारण सांगणे, अडवणाऱ्याला धरणे.

आज आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा, दिग्रस, पुसद, कुठेही पाहा. अंगणवाडी ताई, आशाताई, शिक्षक, एसटीचा वाहक, यांच्यासाठी 'प्रेरणा' नावाची शिबिरे भरतात. वक्ता टाळ्या घेऊन जातो. पण मानधन वेळेवर आले का, साहित्य मिळाले का, फाइल कुणाच्या टेबलावर अडली, हे त्या व्यासपीठावरून कुणी विचारत नाही. काम अडले की नोटीस मात्र शेवटच्या माणसाला जाते. मग हळूहळू तोही सांगितले तेवढेच करू लागतो आणि आपण त्याला कामचुकार म्हणतो.

मुख्याध्यापक, ठाणेदार, आगारप्रमुख, दुकानात दोन पोरे कामाला ठेवणारा आपला भाऊ, प्रत्येकजण कुणाचा तरी वरचा आहे. हाताखालचा माणूस मनापासून काम करत नाही अशी तक्रार करण्याआधी त्याने एक चौकशी करावी: या माणसाची रसद कुठे अडली आहे? आणि उत्तर मिळाल्यावर, अडवणारा आपला जातभाई असो की धर्मभाई, मुलाहिजा ठेवू नये.