विसाखा की विशाखा? एका अक्षरामागचा इतिहास

आमच्या मुलीचं नाव आम्ही विसाखा ठेवलं. 'स' असलेलं विसाखा. जन्मनोंदणीच्या अर्जावर स्वतःच्या हाताने तसंच लिहिलं. दाखला हातात आला तेव्हा त्यावर 'विशाखा' छापलेलं होतं. विचारलं तर खिडकीतले कारकून म्हणाले, "तुमच्याकडून चुकून स पडला होता, मी शुद्ध करून टाकलं." त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. एका चुकीतून आपण या लोकांना वाचवलं, असंच त्यांना मनापासून वाटत होतं. आमचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. शुद्ध म्हणजे काय? आणि ते ठरवलं कोणी?

मित्रांनो, आपल्या समाजाला नावाचा प्रश्न नवा नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला ३१ वा श्लोक काढून बघा. ब्राह्मणाचं नाव मंगलसूचक, क्षत्रियाचं बलसूचक, वैश्याचं धनसूचक आणि शूद्राचं निंदासूचक असावं, असा तिथे नियम आहे. म्हणजे माणूस पाळण्यात असतानाच त्याची पायरी त्याच्या नावात कोरून ठेवायची. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यात हाही श्लोक होता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कचरू, दगडू, धोंडी, भिकी ही नावं केवळ अस्पृश्यांमध्येच होती असं नाही. मुलं जगत नव्हती, तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून अशी नावं अनेक जातींत ठेवत. मुलींच्या वाट्याला तर याहून वाईट आलं. मुलगा हवा असताना मुलगी झाली की तिचं नाव नकुशी. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावं देण्यात आली. ही फार जुनी गोष्ट नाही.

पण आपल्याकडे जातीचा मार नुसत्या नावावर नव्हता, हाकेवर होता. नाव चांगलं असलं तरी गावकी ते चांगलं राहू देत नसे. रामाचा राम्या व्हायचा, गंगेची गंगी व्हायची. आमच्या आजीचं नाव भागीरथी. पण गावात दहा वर्षांचं पोरही तिला 'भागे' म्हणून हाक मारायचं आणि तिने मात्र त्या पोराला अहोजाहो करायचं. कागदावरचं नाव आणि तोंडातलं नाव यांच्यात जे अंतर होतं, त्याचंच नाव जात. म्हणून उच्चाराचा प्रश्न आम्हाला व्याकरणाचा वाटत नाही. तो सत्तेचा प्रश्न आहे.

बाबासाहेबांना हे नेमकं कळलेलं होतं. मे १९३६ मध्ये मुंबईच्या महार परिषदेत केलेल्या 'मुक्ती कोन पथे?' या भाषणात त्यांनी नामांतराचाही विचार केला आहे. हिंदू धर्मात राहून जातीचं नाव तेवढं बदललं तर जात सुटत नाही, धर्मांतराबरोबर झालेलं नामांतरच खरं, हा त्या विचाराचा गाभा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर ते घडलं आणि त्यानंतर आपल्या वस्त्यांमधले पाळणे बदलले. गौतम, राहुल, सिद्धार्थ, मिलिंद आले. सुजाता, यशोधरा, संघमित्रा आल्या. आमच्याच घरात भागीरथीची मुलगी सुजाता झाली. तिला 'सुजे' म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही, कारण तोवर आपला समाज उलटा प्रश्न विचारायला शिकला होता.

मग विसाखा कोण? बुद्धकाळातली श्रावस्तीची महाउपासिका. तिने पूर्वाराम विहार बांधून संघाला दान दिला. सासरे मिगार तिच्यामुळे धम्माकडे वळले, म्हणून तिला मिगारमाता म्हणतात. सासऱ्याने सुनेला आई मानावं, हे आजही किती घरांना पेलेल? विनयपिटकात तिने बुद्धांकडे मागितलेल्या आठ वरांची कथा आहे. पण तिने स्वतःसाठी काही मागितलं नाही. पाहुण्या भिक्खूंना जेवण, आजाऱ्याला जेवण आणि औषध, आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याला जेवण, भिक्खुनींना स्नानवस्त्र, हे आयुष्यभर देण्याची परवानगी तिने मागितली. आजाऱ्याबरोबर त्याची सेवा करणाराही उपाशी राहतो, हे तिच्या लक्षात आलं होतं. समाजकार्य करणाऱ्या आम्हाला हे नाव का आवडलं, हे वेगळं सांगायला नको.

पाली भाषेत 'श' आणि 'ष' नाहीत, फक्त 'स' आहे. म्हणून पालीत ती विसाखा आहे, संस्कृतात विशाखा. विसाखा हे विशाखाचं बिघडलेलं रूप नाही. ज्या भाषेत तिची गोष्ट आपल्यापर्यंत आली, त्या भाषेतलं ते तिचं नाव आहे.

महाराष्ट्राचा इतिहासही हेच सांगतो. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा शिलालेख आहे. पाठ्यपुस्तकात आपण तिला 'गौतमी बलश्री' म्हणून शिकलो. दगडावर मात्र 'गोतमी बलसिरी' कोरलेलं आहे. तिथेच नहपानाच्या मुलीचं नाव 'दखमित्रा' आहे, तिची आपण 'दक्षमित्रा' केली. मस्कीच्या शिलालेखात सम्राटाचं नाव 'असोक' आहे. दोन हजार वर्षांपूर्वी राजे, राण्या, व्यापारी आणि भिक्खुनी आपली नावं दगडावर कोरून घेत होते, ती प्राकृतात. त्या वेळी ती कोणाला अशुद्ध वाटली नाहीत. नंतरच्या विद्वानांनी त्यांना संस्कृताचा सदरा चढवला आणि त्या सदऱ्यालाच आपण अंग समजू लागलो.

आणि शाळेत काय होतं? आपलं पोर 'साळा' म्हणालं की वर्ग हसतो. प्राकृतात शाळेला 'साला' म्हणत, 'साळा' त्याच्याच वाटेने आलेला शब्द आहे. तरी तो अडाणी आणि 'शाळा' सुसंस्कृत. 'स' आणि 'श' मधल्या या फरकावर किती पोरांनी वर्गात तोंड उघडायचं सोडून दिलं असेल!

आता आपल्यातल्याच काही साथींचा आक्षेप. ते म्हणतात, "हा पालीचा सोवळेपणा झाला. त्यांचं संस्कृत, तुमचं पाली, फरक काय?" आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिलं पाहिजे. बौद्ध वाङ्मय संस्कृतातही आहे, अश्वघोषाचं 'बुद्धचरित' संस्कृतातच आहे. बाबासाहेबांनी मुंबईच्या कॉलेजला 'सिद्धार्थ' नाव दिलं, 'सिद्धत्थ' नाही. पण जिथे अर्थ बदलत होता, तिथे ते अडून बसले. ग्रंथाच्या नावात त्यांनी 'धर्म' लिहिला नाही, 'धम्म' लिहिला. आम्ही यातून कसोटी घेतली ती अशी : रूप बदलल्याने आशय हरवत असेल तर पाली धरायची, नाहीतर हट्ट नको. संघमित्रा नावाची मुलगी संघमित्तेपेक्षा तसूभरही कमी बौद्ध नाही. विशाखा नावाची मुलगीही नाही.

मग आमचाच हट्ट का? कारण बारशाच्या आधीच तीन जणांनी विचारलं, "विशाखा नक्षत्रावर झाली का?" शब्दाचं मूळ त्या नक्षत्रात आहे हे आम्हाला माहीत आहे, आपली बुद्धपौर्णिमाही त्याच नावाच्या महिन्यात येते. पण आमच्या मुलीचं नाव पत्रिकेतून आलेलं नाही, एका बाईच्या कर्तृत्वातून आलेलं आहे. 'स' ऐकला की माणूस थांबतो आणि विचारतो, "स का?" मग श्रावस्तीची गोष्ट सांगता येते. एवढंच आम्हाला हवं आहे.

दुसरा आक्षेप काळजीतून आला. "या नावाने पोरीची जात कळेल. भाड्याने घर मिळताना, मुलाखतीत त्रास होईल." होईल कदाचित. पण 'श' लिहिल्याने आडनाव लपत नाही. आणि लपूनच जगायचं असतं तर विद्यापीठाच्या नामांतरासाठी २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत आपली माणसं का लढली असती?

तरुण आईबापांना एक व्यावहारिक सूचना. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो. पुढे जात पडताळणीत एका अक्षराच्या फरकासाठी प्रतिज्ञापत्रं करत हिंडावं लागतं, हे आम्ही कामात रोज बघतो. म्हणून अर्ज देताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग ठळक लिहा, छापण्याआधी दाखवा म्हणून सांगा आणि चूक असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज करा. आम्ही इंग्रजीत एसनंतर एच घातलेला नाही, केनंतरचा मात्र ठेवला आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे महाराष्ट्रात आधी आईचं नाव लागतं, मग वडिलांचं. तेही तपासून घ्या.

आमचा दुरुस्तीचा अर्ज मंजूर झाला. ते कारकून शेवटी म्हणाले, "मला वाटलं तुम्हाला श येत नाही." आम्ही म्हणालो, "येतो, पण इथे नको आहे." आपल्या आधीच्या पिढ्यांना ही निवडच नव्हती.

आता घरची गोष्ट. भागीरथी आजी पणतीला 'इसाका' म्हणते. तिच्या जिभेवर ना वि बसतो, ना ख. आम्ही तिला एकदाही दुरुस्त केलेलं नाही. गंगेची गंगी करणाऱ्या तोंडात तुच्छता होती, आजीच्या तोंडात माया आहे. उच्चार कोणाचा चुकला, यापेक्षा कोण कोणाला कशी हाक मारतं, हे बघायला आपण शिकलं पाहिजे. बाकी जगाने मात्र नीट म्हणावं : वि-सा-खा.

जय भीम!