आवाज वेगळा ठेवण्याची गोष्ट

दिवाळी आटोपली, धान घरात आले, की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा येथे मुक्काम असलेल्या नाटक मंडळ्या गावोगाव जातात आणि रात्रभर प्रयोग रंगतो. गाणारे नट आणि साथीचे वादक समोर असतात. आवाज जागच्या जागी जन्मतो आणि पहाटेपर्यंत विरून जातो. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा महाराष्ट्राच्या इतर भागांतील अनेकांनी झाडीपट्टीचे नाव प्रथमच ऐकले.

चंद्रपूर परिसरातील एका शिक्षक-मित्राने विद्यार्थ्यांकडून अशा एका प्रयोगावर वीस मिनिटांचा माहितीपट करायला घेतला. मुलांनी भ्रमणध्वनीवर चित्रण केले, आवाज वेगळ्या यंत्रावर मुद्रित केला. मग प्रश्न आला : "सर, चित्रपटाच्या आवाजाचं काम करायला सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?"

एखादे नाव सांगून मोकळे होता आले असते. पण हा प्रश्न आपल्याकडील बोलपटाइतकाच जुना आहे. प्रत्येक पिढीने तो वेगळ्या यंत्रापुढे बसून सोडवला आहे. तो इतिहास पाहिला, तर उत्तर आपोआप सापडते.

एकाच फितीवर सारे

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट झळकला. निर्माते-दिग्दर्शक अर्देशीर इराणी यांनी त्यासाठी टॅनर नावाचे यंत्र वापरले. त्यात चित्र आणि आवाज एकाच फितीवर, एकाच वेळी उमटत. स्टुडिओ रेल्वेमार्गाजवळ होता आणि आवाज रोखणाऱ्या भिंती नव्हत्या. त्यामुळे गाड्यांची ये-जा थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर चित्रण करावे लागे. ध्वनिग्राहक आणि वादक कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे लपवून ठेवावे लागत.

एकच फीत ही सोय वाटते, पण तिच्यात एक अडचण दडलेली आहे. चित्र टिपताना फीत भिंगामागे सेकंदाला २४ वेळा थांबते आणि पुढे सरकते. आवाजाला असे धक्के चालत नाहीत. तो टिपताना फीत संथ, अखंड वेगाने सरकली पाहिजे. म्हणून चित्राची आणि आवाजाची जागा फितीवर एकमेकांपासून दूर ठेवावी लागते. चित्रपटगृहात दाखवायच्या ३५ मिलिमीटर फितीवर हे अंतर सुमारे २० चौकटींचे, म्हणजे जवळपास ०.८ सेकंदाचे असते. आता कात्री चित्राच्या हिशेबाने चालवली, तर संवाद मध्येच तुटतो; आवाजाच्या हिशेबाने चालवली, तर चित्र नको तेथे कापले जाते. चुकलेला शब्द बदलायचा, तर सारा प्रसंगच पुन्हा चित्रित करावा लागे.

यावरचा उपाय चित्र आणि आवाज दोन स्वतंत्र फितींवर घेण्याचा. दोन्ही यंत्रे एकाच गतीने चालवायची आणि जुळवणीसाठी सुरुवातीला टाळी द्यायची. पाटी चित्रात मिटलेली दिसते ती चौकट आणि 'टक्' असा आवाज येतो ती जागा, या दोन खुणा जुळल्या की पुढचे सारे जुळते. ध्वनिसंकलनाची आजची संपूर्ण कला या एका विभक्तपणावर उभी आहे.

कोल्हापूर आणि पुणे

१९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा मराठीतील पहिला बोलपट दिला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे होते आणि ध्वनीची जबाबदारी विष्णुपंत दामले यांच्याकडे होती. दामले मुळात पडदे रंगवणे आणि यंत्रे जुळवणे यांत रमणारे कारागीर. ध्वनिमुद्रण त्यांनी काम करता करता आत्मसात केले. हाच चित्रपट हिंदीतही निघाला. चित्र तेच ठेवून भाषा बदलण्याची सोय तेव्हा रुळलेली नव्हती. म्हणून प्रसंग दोन्ही भाषांत वेगवेगळे चित्रित करावे लागले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती आपल्या कामी येणार आहे.

१९३३ मध्ये प्रभात पुण्यास आली. तेथे १९३७ साली 'कुंकू' तयार झाला. त्यात शांतारामांनी पार्श्वसंगीत टाळले. प्रसंगात जे आवाज खरोखर असतील त्यांच्यावरच भिस्त ठेवली आणि गाण्यांनाही प्रसंगातल्याच आवाजांची साथ दिली. वाद्यवृंद नसला की शांततेला अर्थ येतो आणि भिंतीवरच्या घड्याळासारखी साधी वस्तूही बोलू लागते. आवाज सुटे करून पाहिल्याशिवाय कोणता ठेवायचा आणि कोणता गाळायचा हे ठरवता येत नाही. 'कुंकू'च्या वेळी साधने तुटपुंजी होती, तरी निवड अचूक होती. प्रभातच्या त्याच आवारात १९६० साली सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आज ध्वनिमुद्रणाचे शिक्षण दिले जाते.

चुंबकीय फीत, मग संगणक

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत आली. स्टीफन कुडेल्स्की यांनी १९५१ साली स्वित्झर्लंडमध्ये 'नाग्रा' हे सहज नेता येणारे ध्वनिमुद्रण यंत्र बनवले आणि आवाज स्टुडिओबाहेर पडला. आपल्याकडे मात्र हलके पण खडखडणारे कॅमेरे रूढ झाले. त्यामुळे जागेवरचा आवाज केवळ आठवणीपुरता घेऊन संवाद नंतर बंद खोलीत पुन्हा म्हणवून घेण्याची पद्धत पडली. २००१ च्या 'लगान'मध्ये आशुतोष गोवारीकर यांनी चित्रणाच्या वेळचाच आवाज वापरला, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली.

फितीच्या काळात एक त्रास कायम होता. अनेक आवाज एकत्र करायचे, तर नक्कल काढावी लागे आणि प्रत्येक नकलेत खरखर वाढे. संगणकाने हा त्रास संपवला. आकड्यांत साठवलेल्या आवाजाची हजारावी नक्कलही मूळासारखीच असते. १९९१ साली आलेल्या 'प्रो टूल्स'च्या पहिल्या आवृत्तीत अवघ्या चार ध्वनिपट्ट्या होत्या. आज साध्या संगणकावरही शंभरावर पट्ट्या चालतात. २००० साली 'ऑडॅसिटी' ही मुक्त प्रणाली आली. पुढे 'आर्डर' आणि 'रीपर' आल्या. २०१७ पासून 'दाविंची रिझॉल्व्ह' या चित्रसंकलनाच्या प्रणालीतच 'फेअरलाइट' हा ध्वनिविभाग मिळू लागला.

निवड कशी करावी

या इतिहासातून चार कसोट्या निघतात.

पहिली, चित्र आणि आवाज एकमेकांशेजारी दिसतात का? 'ऑडॅसिटी' आवाज स्वच्छ करायला उत्तम आहे, पण तिच्यात चित्र दिसत नाही. माहितीपटासाठी ती मदतनीस ठरेल, मुख्य साधन होणार नाही.

दुसरी, मोजमाप जुळते का? चित्रपटासाठी आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतात. २४ ने भागले की एका चौकटीला बरोबर २,००० नमुने येतात. संगीताच्या सीडीचे ४४,१०० नमुने २४ ने भागून पाहा : १८३७.५, अर्धा नमुना उरतोच. म्हणून मुद्रणाच्या आधीच ४८,००० ची निवड करावी.

तिसरी, मूळ मुद्रण शाबूत राहते का? चांगली प्रणाली मूळ फाइलला हात लावत नाही. कोठून कोठपर्यंत वाजवायचे याची फक्त यादी ठेवते.

चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची : काम बाहेर काढता येते का? येथे माझी एक चूक सांगतो. संशोधनाच्या सुरुवातीच्या काळात जंगलात मुद्रित केलेले पक्ष्यांचे आवाज मी एका प्रणालीच्या खास स्वरूपात साठवले. काही वर्षांनी ती प्रणाली बंद पडली. फाइली माझ्याकडे आजही आहेत, पण त्या उघडत नाहीत. ज्या झाडीतले ते आवाज होते, त्यातली काही झाडीही आता नाही.

'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पहिल्या भारतीय बोलपटाचा आवाज आपण ऐकू शकत नाही. 'अयोध्येचा राजा' मात्र टिकला आहे. फीत नष्ट झाली काय आणि फाइल उघडेनाशी झाली काय, ऐकणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

म्हणून मित्राला मी सांगितले : संगणक ताकदवान असेल तर 'रिझॉल्व्ह'ची विनामूल्य आवृत्ती घ्या, जुना असेल तर 'रीपर' किंवा 'आर्डर' पाहा. पण काम संपताच संवाद, संगीत आणि इतर आवाज अशा तीन वेगळ्या फाइली साध्या 'वेव्ह' स्वरूपात काढून ठेवा. मूळ मुद्रणेही जपा. २४ बिटांचे एका पट्टीचे तासभराचे मुद्रण सुमारे ५२ कोटी बाइटांचे होते. आजच्या साठवणीत ते जड नाही. निवेदनाची पट्टी वेगळी असली, की उद्या भामरागडच्या मुलांना तोच माहितीपट माडिया भाषेतून ऐकवता येईल. प्रभातला जे दोनदा चित्रण करून साधावे लागले, ते तुमच्या विद्यार्थ्यांना एक पट्टी बदलून साधेल.

वर्गात करून पाहा

शाळेच्या मैदानावर एका विद्यार्थ्याला ५० मीटर दूर उभे करून जोरात टाळी वाजवायला सांगा आणि तुम्ही आपल्या जागेवरूनच भ्रमणध्वनीवर चित्रण करा. सेकंदाला ३० चौकटी असतील, तर हात एकत्र येतात त्या चौकटीनंतर चार-पाच चौकटींनी आवाजाची लाट उसळलेली दिसेल. चौकटी मोजून ध्वनीचा वेग काढा. उत्तर सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास येते का, ते पाहा. मग आवाजाची पट्टी तेवढ्या चौकटी मागे सरकवा. टाळी जुळेल.

हा प्रयोग ज्या प्रणालीत सहज करता येईल आणि ज्यातून आवाज सुटा बाहेर काढता येईल, ती तुमच्या शाळेसाठी चांगली प्रणाली. तिचे नाव दहा वर्षांनी कदाचित कोणाला आठवणार नाही. तुमच्या गावच्या नाटकातील गाणे मात्र तेव्हाही ऐकू आले पाहिजे.