चित्रात दडलेला खेळ

चित्राची फाइल उचलून खेळाच्या खिडकीत सोडावी आणि चित्रातला प्राणी तेथे चालू-फिरू लागावा, ही किमया २००८ साली आलेल्या ‘स्पोर’ या संगणकीय खेळाने घडवली. ‘सिमसिटी’चे कर्ते विल राइट यांच्या या खेळात जीव घडवायचे ते खेळाडूनेच. घडवलेल्या जीवाची ‘पीएनजी’ प्रकारची प्रतिमा तयार होई. दिसायला ते साधे चित्र. पण तो जीव पुन्हा उभा करण्याची कृतीही त्यातच असे. संपूर्ण त्रिमितीय आकृती साठवली असती, तर फाइल बरीच जड झाली असती. त्याऐवजी कोणता अवयव, कोठे, केवढा व कोणत्या रंगाचा, एवढेच नोंदवले जाई. देह उभारण्याचे काम ती प्रतिमा वाचणाऱ्या खेळाकडे असे.

ही माहिती चित्रात मावते कशी, हे ‘पिको-८’ या प्रणालीवरून नेमके कळते. जोसेफ व्हाइट यांनी निर्मिलेले हे एक काल्पनिक खेळयंत्र आहे. त्याचा आख्खा खेळ, म्हणजे आज्ञावली, चित्रे, नकाशे आणि संगीत, कॅसेटच्या आकाराच्या एका चित्रात साठवता येतो. रंगीत चित्रातील प्रत्येक बिंदू तांबडा, हिरवा, निळा आणि पारदर्शकता अशा चार आकड्यांनी लिहिला जातो. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला, म्हणजे आठ बिटचा. त्यांतील शेवटचे दोन बिट बदलले, तरी मूल्यात फार तर तीनचा फरक पडतो. डोळ्यांना तो जाणवतही नाही. चार आकड्यांचे दोन-दोन बिट मिळून आठ, म्हणजे दर बिंदूमागे एक बाइट. चित्र १६० बाय २०५ बिंदूंचे. त्यामुळे जागा ३२,८०० बाइटची. खेळाची मर्यादा ३२,७६८ बाइट. उरलेल्या ३२ बाइटमध्ये आवृत्तीसारख्या किरकोळ नोंदी बसतात.

या तंत्राला ‘स्टेगॅनोग्राफी’, म्हणजे झाकलेले लेखन, असे ग्रीक मुळाचे नाव आहे. गुलामाच्या मुंडन केलेल्या डोक्यावर निरोप गोंदवून, केस वाढल्यावर त्याला रवाना केल्याची कथा हेरोडोटसने सांगितली आहे. तेथे निरोप शत्रूपासून लपवायचा होता. येथे मात्र लपवण्याचा हेतूच नाही. मांडणी ठाऊक असलेल्या कोणालाही ही माहिती वाचता येते. मुखपृष्ठ आणि पुस्तक एकाच फाइलमध्ये राहावे, एवढीच यातली सोय.

पीएनजी फाइलमध्ये चित्राबाहेर वेगळा मजकूर ठेवण्यासाठीही कप्पे असतात आणि ते वापरणे अधिक सोपे. परंतु चित्र चढवताना अनेक संकेतस्थळे असे कप्पे अनावश्यक समजून काढून टाकतात. बिंदूंत विणलेली माहिती त्यातून वाचते.

तीही अभेद्य नव्हे. चित्राचा आकार बदलला किंवा ते ‘जेपीईजी’मध्ये रूपांतरित केले, की सारे संपते, कारण डोळ्यांना न जाणवणारे बारकावे टाकून देऊनच जेपीईजी फाइल लहान करते आणि खेळ तर त्याच बारकाव्यांत असतो. फसवे हे, की चित्र पूर्वीसारखेच दिसते. संदेशसेवांवरून छायाचित्र म्हणून पाठवलेली प्रतिमा बहुधा अशीच आक्रसली जाते. म्हणून असा खेळ मित्राला पाठवताना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावा किंवा झिप फाइलमध्ये बांधावा.