बैठकीतली भिंत: पोथीपासून टीव्हीपर्यंत



गेल्या महिन्यात आमच्या बैठकीत नवा टीव्ही आला. बंद केला की काळा होत नाही, चित्र होऊन भिंतीवर राहतो. चारही बाजूंनी लाकडी रंगाची चौकट, त्यामुळे पाहुण्यांना तो टीव्ही वाटतच नाही. मुलाने हौसेने घेतला. सूनबाईंनी तर जागाही ठरवून टाकली होती. इतवारीतल्या जुन्या घरातून आणलेली मामंजींची चोवीस तीर्थंकरांची तसबीर जिथे होती, नेमकी तीच भिंत.

सूनबाई म्हणाल्या, "आई, तसबिरीचा फोटो काढून टीव्हीवरच लावू. आता आहे त्याच्या तिप्पट मोठी दिसेल, आणि जुनी काच फुटायची भीतीही राहणार नाही."

बोलणं प्रेमाचं होतं, पण माझ्या मनात कुठेतरी खुट्ट झालं. का, ते लगेच सांगता येईना. मग आपल्या घरांत चित्रं आली कशी आणि राहिली कशी, याचा विचार करत बसले. तेच आज तुमच्यापुढे मांडते.

आपल्या समाजात चित्र आधी पोथीत होतं. भाद्रपदात आपण सुगंधदशमी करतो. मुनींना कडू भोपळ्याचा आहार देणारी राणी पुढे दुर्गंधा होऊन जन्मते आणि व्रताने तिचं पाप फिटतं, ही कथा आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. अठराव्या शतकातले कवी जिनसागर यांनी ती मराठीत रचली. तिची चित्रांनी सजलेली हस्तलिखित प्रत आपल्या नागपुरात जपली गेली. डॉ. हिरालाल जैन यांनी १९६६ साली भारतीय ज्ञानपीठातर्फे ही कथा पाच भाषांतल्या रूपांसह संपादित केली, तेव्हा ती चित्रं बाहेरच्या जगाला दिसली. एरवी पोथी वेष्टनात बांधलेली असे. व्रताच्या दिवशी उघडायची, वाचायची, चित्रं बघायची आणि पुन्हा बांधून ठेवायची. श्वेतांबर भगिनींकडेही कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाचा पट मांडतात. पालिताण्याला जाता येत नाही ते त्या पटासमोर भावयात्रा करतात. मोठमोठे पट, पण रोज डोळ्यांसमोर नाहीत.

भिंतीवर कायमचं चित्र सामान्य घरात आलं ते छापखान्यामुळे. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक ठसे, आणि तेलरंगासारखी चकाकी. राजवाड्यात शोभणारी लक्ष्मी आणि सरस्वती चार पैशांत चाळीतल्या खोलीत आली. बायका त्या चित्रांवर जर आणि टिकल्या चिकटवत, देवीला कापडाचं लुगडं नेसवत, मग काच लावून घेत. बाजारातून आणलेला कागद आपल्या हातांनी घरचा करून घेण्याची ती रीत होती. पुढे दुकानदारांची कॅलेंडरं आली. आपल्या घरांत तीर्थंकरांच्या, सम्मेदशिखरजींच्या आणि बाहुबलींच्या छापील तसबिरी लागल्या. मामंजींची तसबीर त्यातलीच. कागद पिवळा पडला आहे, पण चौकट सागवानी.

मग टीव्ही आला. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. आपल्या नागपूरकडे तो यायला ऐंशीचं दशक उजाडलं. तेव्हा टीव्ही ठेवायला पोस्टात लायसन्सची फी भरावी लागे, हे आजच्या मुलांना खरं वाटत नाही. आमचा पहिला कृष्णधवल टीव्ही लाकडी पेटीचा होता, पुढे सरकती दारं आणि त्यांना कुलूपही. कार्यक्रम संपला की सासूबाई दारं ओढत आणि वर भरतकामाचा रुमाल घालत. तेव्हा मला त्यात धुळीच्या काळजीशिवाय काही दिसलं नव्हतं. आता वाटतं, पोथीचं वेष्टनच ते.

२५ जानेवारी १९८७ रोजी 'रामायण' मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी शेजारच्या काकू आंघोळ करून टीव्हीला हार घालत, उदबत्ती लावत. पडद्यावर राम आले की हात जोडत. मालिका संपली की हार काढून ठेवत, कारण दुपारी त्याच पडद्यावर दुसरं काहीबाही येणार हे त्यांना ठाऊक होतं. शिकलेली माणसं हसायची. पण पडदा देवाचा होतो तो तेवढ्या वेळापुरता, हा विवेक त्या काकूंपाशी होता.

पुढे टीव्ही चपटा झाला, पेटी गेली, दारं गेली, रुमाल गेला. राहिला भिंतीवरचा काळा चौकोन. तो डोळ्यांना खुपू लागला तेव्हा कंपन्यांनी उपाय काढला. सॅमसंगने २०१७ साली चौकटीचा टीव्ही बाजारात आणला, मग इतरांनीही तसे काढले. मी वाणिज्य शाखेची पदवीधर, त्यामुळे घेण्याआधी वहीत सगळं मांडलं. आमच्या टीव्हीत खोलीतला उजेड मोजणारा सेन्सर आहे, त्याप्रमाणे चित्र मंद किंवा उजळ होतं. खोलीत कोणी नसलं की तो आपोआप मिटतो. पण चित्र दाखवतानाही वीज खातो, कारण मागचा दिवा चालूच असतो. जगातल्या नामवंत चित्रांचा संग्रह हवा असेल तर दरमहा वेगळे पैसे, आपले स्वतःचे फोटो मात्र फुकट लावता येतात. भिंतीला अगदी चिकटून बसतो, म्हणून प्लगची जागा आधीच ठरवावी लागते. आमच्याकडे भिंत विटांची आहे की हलक्या सिमेंट ब्लॉकची, हे बसवायला आलेल्याने विचारलंच नाही. पहिली दोन भोकं भुगा होऊन मोठी झाली. ती बुजवून लांब फास्टनर आणावे लागले, त्यात दोन दिवस गेले. तुम्ही घेतलात तर भिंत कसली आहे ते आधी सांगा, आणि भिंतीतली वायर कुठून गेली आहे तेही दाखवा.

ते दोन दिवस तसबीर दिवाणावर उशीला टेकून होती, आणि माझं मन ठरत गेलं. आपल्या शास्त्रात निक्षेप चार सांगितले आहेत: नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. तसबीर म्हणजे काही प्रतिष्ठा झालेली प्रतिमा नव्हे, हे मलाही कळतं. तरी "हे भगवंत" असं मनात धरून एखाद्या आकाराकडे पाहिलं की ती स्थापना होते, आणि मग तिचा अविनय नको. ज्या काचेवर आत्ता आदिनाथ आहेत, तिच्यावरच घटकाभराने मांसमच्छीची जाहिरात येणार असेल, तर तो विनय मला सांभाळता येणार नाही. तसबिरीला बटण नाही. ती दुसरं काही होत नाही, हेच तिचं मोल.

सूनबाईंना मी असंच सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मग टीव्हीवर काय लावू?" मला बरं वाटलं, कारण टीव्हीवर माझा राग नव्हताच. आम्ही दोघींनी मिळून फोटो निवडले: पावसाळ्यातला मुक्तागिरीचा धबधबा, रामटेकची टेकडी, माझ्या आईने घातलेली रांगोळी. तसबीर पूर्वेच्या भिंतीवर गेली, सूनबाईंनी स्वतः नवी काच बसवून आणली.

आणि एक नियम केला. भोगोपभोगाचं परिमाण आपण ताटातल्या पदार्थांचं करतो, तसं या पडद्याचंही. चातुर्मासात दिवे लागले की बैठकीतलं चित्र बंद, कारण उजेडावर किडे येतात आणि सकाळी खाली मेलेले सापडतात. एरवी रात्री नऊला बंद. सासूबाई दारं ओढत, तसं आता सूनबाई रिमोटचं बटण दाबतात. काल नातीने विचारलं, "आजी, चित्र झोपलं का?" मी म्हटलं, "हो बाळा. पोथीसुद्धा बांधूनच ठेवतात."

तुमच्या बैठकीतल्या भिंतीवर काय आहे, आणि ते तुम्ही कधी मिटता, एकदा घरात बोलून बघा.

जय जिनेंद्र.